नेमीचंदचे गुडघे

आधीच सांगून ठेवतो, मले कोणी डोंगराचे फोटो दाखवू नका. हिरवेगार डोंगर, त्याच्यावर उतरलेले ढग, खाली पांढरी फेसाळ नदी, अन् त्याच्यावर लिहिलेलं असते 'स्वर्ग'. म्या पाह्यला तो स्वर्ग. घोट्याइतकी खेचराची लीद, तिच्यावर पडलेला पाऊस, अन् त्या रबडीत माझा डावा बूट अजून फसलेला आहे. ज्याले स्वर्ग पाह्यजे असन त्यानं जाऊन तो बूट काढून आणावा.

मी जगदेव, रिठदचा. वावर आहे, बैलजोडी आहे, सोयाबीन अन् तूर घेतो. मले चिखल शिकवू नका. आमच्या पांदणीत श्रावणात पाय टाकला का काळी माती चप्पल ठेवून घेते अन् माणूस सोडून देते. जन्म गेला तिच्यात. अन् केस पिकल्यावर मी चिखल पाहाले परदेशात गेलो! रिठदचे लोकं अजून हसून राह्यले. हसू द्या. मी काही हौसेनं नाही गेलो. मी गेलो त्या नेमीचंदच्या गुडघ्याईसाठी.

नेमीचंदचं रिसोडले किराणा दुकान आहे. जैन माणूस, नेमाचा. शाळेत आमी एका बाकावर होतो. माझ्या डब्यात कांदा-भाकर असे. डबा उघडला का हा नाक दाबून बाजूले सरके, पण उठून दुसऱ्या बाकावर कधी गेला नाही. तवापासून आमची दोस्ती आहे, अन् तवापासून मी त्याच्यावर चिडून राह्यलो.

चिडाव नाही तर काय कराव? दिवस मावळला का ह्याचं तोंड बंद. कांदा नाही, लसूण नाही, आलू नाही, गाजर नाही, जमिनीखालचं काहीच नाही. पाणी घरच्या विहिरीचं, तेही दुहेरी फडक्यातून गाळून. अन् खरा कुटाणा तर त्याच्यापुढं आहे. पाणी गाळून झालं का फडकं उलटं करायचं, त्याच्यावर गाळलेलं पाणी हळूहळू ओतायचं, अन् फडक्यात जे काही बारीक जीव अडकले असतीन ते एका लोट्यात उतरवून घ्यायचे. मंग तो लोटा दोरीनं पार खाली पाण्यालोक न्यायचा, पाण्याले टेकवायचा अन् हळूच पालथा करायचा. वरून फेकायचा नाही, जिवाईले मार लागते. त्याले ते लोकं जिवाणी म्हणतात. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत गेला पाह्यजे. नळ आले, मशीनचं पाणी आलं, बाटल्या आल्या, पण नेमीचंदनं अंगणातली विहीर काही बुजू दिली नाही.

मी त्याले म्हणो, "अबे नेमी, डोळ्याले दिसत नाही त्याची एवढी बडदास्त! दारात आलेल्या माणसाले तरी पाणी पुसतो काय?"

तो हसे. "पुसतो ना. गाळलेलं देतो."

आता ह्याच्यावर माणसानं कसं चिडाव? हा चिडूच देत नाही, याचीच मले चीड.

तर औंदा रिसोडच्या मंदिरात एका मुनिमहाराजाईचा चातुर्मास होता. त्याईचा नेम तर नेमीचंदच्याही वरचा. दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. घराघराच्या दारात लोकं सकाळी उभे राहून बोलावतात. महाराज ज्याच्या दारी थांबतीन त्यानं त्याईच्या भोवती फेरे घ्यायचे, आत न्यायचं, पाय धुवायचे, जमिनीवर डोकं टेकून नमस्कार करायचा, अन् मंग ओंजळीत पाणी अन् घास द्यायचा. मधात देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं का झालं! महाराज तिथंच ओंजळ सोडतात अन् तसेच परत जातात. मंग अन्न दुसऱ्या दिवशी, अन् पाण्याचा घोट पण दुसऱ्या दिवशी.

आषाढात एका सकाळी महाराज नेमीचंदच्या दारी थांबले. त्याची बायको अंगुरीबाई सांगे, आनंदानं ह्याईले काय कराव अन् काय नाही असं झालं म्हणे. फेरे झाले, पाय धुणं झालं. नमस्काराले खाली गेला बराबर, पण उठताना गुडघ्याईनं दगा दिला. भिंतीले धरून कसाबसा उभा राह्यला, पाण्याचा लोटा उचलला, ओंजळीजवळ नेला, अन् गुडघा लटकन मोडला. लोटा फरशीवर. महाराजाईनं अजून एकही घोट घेतला नव्हता. त्याईनं ओंजळ सोडली अन् तसेच निघून गेले.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तर नेमीचंद दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्याले टेकून बसला होता. "जगदेव," म्हणे, "माह्या घरून साधू तहानलेला गेला."

"आज पेले असतीन ना दुसऱ्याच्या घरी," म्या म्हटलं.

"दुसऱ्याच्या घरी," तो म्हणे, अन् डोळे पुसाले लागला. मले हे पाह्यवत नाही. एवढा मोठा माणूस, गुडघ्यापायी रडते.

तवापासून सकाळच्या वेळी तो दारातच येईना. शेजारचे लोकं हात जोडून महाराजाईले बोलावून राह्यले, अन् हा आत बसून त्याईचे आवाज ऐकून राह्यला. डॉक्टर म्हणे गुडघे बदलून टाका, पण महिने जातीन. अन् दिवाळी झाली का महाराज रिसोड सोडून पायी पुढं निघून जाणार. त्याच्याआधी एकदा तरी आपल्या घरी त्याईचा आहार पुरा झाला पाह्यजे, बस, एवढंच त्या माणसाच्या जिवाले लागलं होतं. दुकानात गिऱ्हाइकानं साखर मागितली का हा गूळ दे.

अशात आमचा तिसरा दोस्त उगवला, सेवादास. शेलूबाजारले जीप चालवते, अन् जीप उभी असली का मोबाइल चालवते. त्यानं एक व्हिडिओ आणला. नेपाळात कुठं डोंगरात नदीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. तातोपानी म्हणतात ते लोकं. एक बुडा काठी टेकत येते, त्या पाण्यात बसते, अन् काठी तिथंच टाकून नाचत जाते.

"तो बुडा त्याईचाच असन बे," म्या म्हटलं.

पण नेमीचंदनं तो व्हिडिओ पुन्हा लावाले सांगितला. मंग पुन्हा. चातुर्मासात हिंडू नये, पायाखाली जीव येतात, हे मले आयुष्यभर सांगणारा माणूस म्हणे, "जगदेव, जाऊन येऊ काय?" आता नाही कसं म्हणाव? अन् माझीही गोष्ट अशी का पिकातली डवरणी झाली होती, कापणी-सोंगणी दूर होती, मले श्रावणातच फुरसत. पोळ्याच्या आत घरी येऊ असं ठरलं. श्रावणात तथी डोंगरावर काय हालत असते हे तिघा शहाण्याईपैकी एकानंही कोणाले विचारलं नाही.

निघताना अंगुरीबाईनं खाकऱ्याचे डबे बांधून देल्ले अन् मले बाजूले घेऊन म्हणे, "जगदेवभाऊ, गुडघे बरे नाही झाले तरी चालते. माणूस बराबर आणा."

रेल्वे, मंग बस, मंग सरहद्दीच्या पलीकडं आणखी बस, मंग जीप. सगळ्या वाटेनं नेमीचंदचे खाकरे, त्याचं फडकं, त्याचा झाकणाचा पितळी लोटा, अन् त्याचा नेम. जिथं गाडी थांबन तिथं हा पाणी गाळत बसे अन् डायव्हर हॉर्न वाजवत बसे. शेवटी जीपवाल्यानं आमाले एका वळणावर उतरवून देल्लं. पुढचा रस्ता वाहून गेला म्हणे. इथून पायी.

तथी एका बाईचं खानावळवजा घर होतं. तिनं आमाले असं पाह्यलं जसे आमी चंद्रावरून पडलो. मोडक्या हिंदीत म्हणे, "ह्या दिवसात कोणी येत नाही. कार्तिकात या."

"कार्तिकात मी वावरात असतो बाई," म्या म्हटलं. तिनं डोक्याले हात लावला अन् मले मिठाची एक पुडी देल्ली. कायले देल्ली ते पुढं समजलं.

आता त्या वाटेचं काय सांगू? माझ्या वावरातला चिखल इमानदार आहे. तो मातीचा आहे. हा चिखल कायचा होता हे पाय टाकल्यावर वासानं समजे. दिवसभर खेचरं त्याच वाटेनं सामान नेतात, ते आपलं काम करत करत चालतात, अन् वरून पाऊस ते सगळं कालवून ठेवते. पाय उचलला का पच्च असा आवाज ये, अन् आतून एक ऊन ऊन वाफ नाकात घुसे. मले दोनदा ओकारी आली. सेवादास मोबाइल पॉलिथिनमध्ये घालून फोटो काढून राह्यला होता. "काय नजारा आहे बे!" म्हणे. म्या म्हटलं, "नजारा तुह्या डोक्यावर ओततो, थांब."

अन् नेमीचंद? गुडघे बरे कराले गुडघ्याईनंच डोंगर चढून राह्यला होता! कोणत्या भैताडानं हे औषध काढलं असन? एक पाऊल टाके, काठीवर झुके, डोळे मिटे, दुसरं पाऊल टाके. त्यात खाली पाहून पाहून चाले, कोणता किडा पायाखाली येऊ नये म्हणून. म्या म्हटलं, "अबे, किडे तुह्यापेक्षा जोरात चालून राह्यले, त्याईची काळजी करू नको." तो हसला. घामानं डबडबलेला, तोंड पांढरं पडलेलं, अन् हसला. मले अस्सा राग आला.

मंग जळवा निघाल्या.

शी! अजून आठवलं का अंगावर काटा येते. गवताच्या पात्यावर उभ्या राहून वाट पाहून राह्यल्या होत्या, बारीक, काळ्या, डोलणाऱ्या. पँटच्या आत, मोज्याच्या आत, बोटाच्या बेचक्यात. सेवादासनं तंबाखूची पिचकारी मारली का जळू टपकन पडे. म्या ती मिठाची पुडी काढली. पहिली चिमूट टाकली, तर जळू वळवळून फुटली, अन् नेमीचंद माझा हात धरून म्हणे, "नको जगदेव. पोट भरलं का आपोआप सुटन."

"पोट भरलं का? ती माह्या रक्तानं पोट भरून राह्यली, अन् मी थांबू?"

"तुह्यावर टाक तुले टाकायचं असन तर. माह्यावर नको." अन् पाह्यतो तर ह्याच्या पिंढरीवर जळू फुगून राह्यलेली, जांभळासारखी टम्म, अन् हा तिच्याकडं पाहात उभा. पाहुणीले जेवाले वाढल्यावानी. मले इतकी किळस आली का म्या मिठाची पुडी खिशात टाकली अन् पुढं चालू लागलो. त्याच्यासमोर मीठ टाकताही येईना, अन् जळवा पोसवतही नव्हत्या.

वाटेत वरून एक थंड पाण्याचा ओहोळ उतरत होता. तथी नेमीचंदची बाटली संपली. पावसात, त्या निसरड्या दगडावर बसून हा पाणी गाळाले लागला. फडकं उलटं केलं, जिवाणी लोट्यात घेतली, आता लोटा ओहोळात पालथा करणार, तेवढ्यात घंट्या वाजल्या. खेचराईचा तांडा. वाट एवढीशी, एका बाजूनं डोंगर अन् दुसऱ्या बाजूनं दरी. सेवादासनं नेमीचंदले कॉलर धरून डोंगराकडं ओढला, म्या त्याची थैली ओढली, नेमीचंदनं लोट्याचं झाकण लावून तो थैलीत खुपसला. खेचरं आमच्या पोटाले घासत गेले. शेवटच्यानं जाताजाता माझ्या पायावर ताजा प्रसाद टाकला. मी ओरडून राह्यलो, सेवादास हसून राह्यला, वरून पावसानं झोडपाले सुरुवात केली, अन् आमी तिघंही पुढं पळालो. म्हणजे आमी पळालो, नेमीचंद खुरडला.

दुपार कलताना एकदाचे खाली नदीजवळ पोचलो. हेच का ते तातोपानी? दगडाचा बांध घालून केलेलं एक डबकं, म्हशीच्या डोहाएवढं. त्याच्यातून वाफ निघून राह्यली होती. पाण्यावर पानं, केसाचा गुंतवळ, साबणाची चकती, अन् कोणाच्या तरी जखमेवरची पट्टी तरंगून राह्यली होती. मी पोळ्याच्या आधी बैल धुतो ते पाणी यापेक्षा नितळ असते. म्या नाक धरलं. सेवादास कपडे काढून सरळ आत घुसला अन् "आह्हा!" म्हणे.

नेमीचंदचा चेहरा मात्र दिव्यासारखा उजळला. "पाह्य जगदेव," म्हणे, "कोणी चूल पेटवली नाही, कोणी लाकूड जाळलं नाही, अन् पाणी उकळलेलं!" त्यानं ठरवूनच ठेवलं होतं. डबक्यात उतरायचं नाही, काठावर बसून लोट्यानं पाणी घेऊन, फडक्यातून गाळून गुडघ्यावर सोडायचं. पँट वर गुंडाळली. गुडघे म्हणजे सुजून भोपळे झाले होते. लोटा काढला. झाकण उघडलं.

अन् तसाच राह्यला.

"काय झालं बे?"

"जिवाणी," तो म्हणे. "जिवाणी राह्यली. ह्याच्यात आहे."

म्या पाह्यलं. लोट्यात घोटभर पाणी. "मंग ओत ना नदीत. नदी काय लांब आहे?"

"ते पाणी ह्या नदीचं नाही जगदेव. अन् इथं सगळीकडं ऊन पाणी मिसळते. मरतीन ते." लोट्याले झाकण लावून काठी उचलली अन् निघाला. वर. त्या ओहोळाकडं. त्या भोपळ्याईवर.

मले वाटलं माझं डोकं फुटते. म्या त्याले खांद्याले धरून खाली दगडावर बसवलं. "अबे भैताडा! सकाळी परत निघायचं आहे. तू आता वर गेला का तुले आमाले उचलून आणा लागन. तू इथं कायले आला? साधूले पाणी पाजायचं आहे ना तुले? मंग बस अन् गुडघे शेक!"

"अन् हे?" लोटा पुढं केला.

"आण इकडं. मी नेतो."

त्यानं दोन्ही हातानं लोटा माझ्या हातात ठेवला. "हळूच सोडजो," म्हणे.

मी निघालो. तोंडानं काय काय निघालं ते सांगत नाही, पण ते सगळं मराठीत होतं म्हणून तथल्या झाडाईले समजलं नाही. त्याच घाणीतून पुन्हा वर. एका जागी डावा पाय मांडीलोक आत गेला. उपसून काढला तर पाय आला, बूट नाही आला. हात घालून पाह्यला. हाताले जे लागलं ते बूट नव्हतं. तसाच उठलो, हात गवताले पुसला, तर गवतातून जळू हातावर.

तथी बसलो मी, चिखलात, अन् लोट्याचं झाकण उघडलं. म्हटलं पाहू तरी, कोणत्या राजाले घेऊन चाललो मी! पाण्यात थोडा गाळ अन् एक बारीक लाल किडा, केसाएवढा, वळवळून राह्यला होता. थू! ह्याच्यासाठी? चहूकडं पाणीच पाणी, खेचराच्या पायाच्या खड्ड्यात पाणी, दगडावरून पाणी, वरून पाणी. कुठंही पालथा केला असता. कोण पाहून राह्यलं होतं? खाली जाऊन म्हटलं असतं, सोडलं.

अन् त्यानं मानलं असतं! हेच तर दुखणं आहे त्या माणसाचं. खोटं पकडणारा माणूस असला का त्याच्याशी खोटं बोलता येते. हा दुसरा सवाल करत नाही, लगेच मानते. म्या झाकण लावलं अन् शिव्या देत देत ओहोळालोक गेलो. दगडाले धरून वाकलो, लोटा पाण्याले टेकवला अन् हळूच पालथा केला. तो लाल किडा गेला वाहून. ना राम राम, ना श्याम श्याम.

परत आलो तर खाली डबकंच नव्हतं.

वरच्या पावसानं नदी फुगली होती. गढूळ लोंढा बांधावरून आत घुसला अन् गरम पाणी, वाफ, पट्टी, साबण सगळं घेऊन गेला होता. सेवादास कपडे घालून वर एका दगडावर कुडकुडून राह्यला होता. अन् नेमीचंद त्याच्या बाजूले, पँट तशीच गुंडाळलेली, गुडघे तसेच. कोरडे.

"म्या लय म्हटलं ह्याले, बस म्हणून," सेवादास म्हणे. "जगदेव येऊ दे, म्हणे. एक लोटा सुद्धा घेतला नाही."

"सोडलं?" नेमीचंदनं विचारलं.

"सोडलं."

"हळूच?"

"हळूच बे! पाळण्यात पोरगं ठेवाव तसं! अन् तू काहून नाही बसला? काहून नाही बसला तू?" मी इतका ओरडलो का घसा बसला. "एवढ्या घाणीतून आलो, बूट गेला, रक्त गेलं, अन् तू इथं कोरडा बसला?"

"माह्या चुकीपायी तू त्या चिखलात," तो म्हणे, "अन् मी इथं ऊन पाण्यात? मले जमलं नसतं जगदेव."

म्या त्याले हाणलंच असतं. पण तेवढ्यात त्याची नजर माझ्या पायावर गेली. बिनबुटाचा पाय. बोटापासून गुडघ्यालोक जळवाच जळवा, अन् रक्ताचे ओघळ. मिठाची पुडी खिशातच होती. आता काहून नाही वापरली ते मले विचारू नका.

"अरे देवा," म्हणून नेमीचंद खाली बसला. सर्रकन, दोन्ही गुडघ्यावर, त्या गाऱ्यात. माझा पाय मांडीवर घेतला अन् नखानं एकेका जळवेचं तोंड सोडवून पानावर ठेवाले लागला. कांद्याच्या वासानं नाक दाबणारा माणूस! माझ्या पायाले काय काय लागलं होतं ते मले माहीत होतं, अन् वास त्यालेही ये. त्यानं तोंड फिरवलं नाही. शेवटची जळू निघाली तवा म्या पाय काढून घेतला.

"उठ आता," म्या म्हटलं.

त्यानं जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. मंग माझ्याकडं पाह्यलं अन् हसाले लागला. "जगदेव, खाली जाता येते बे मले. वर येता येत नाही."

"मंग नको येऊ वर! बस तथीच. आमी येऊ तवा उचलू तुले!" मी रागानं बोललो. पण त्याचं हसणं थांबलं, अन् तो कितीतरी वेळ तसाच गाऱ्यात बसून राह्यला, काही हिशेब लागल्यावानी. मंग आमी दोघांनी काखेत हात घालून त्याले उचललं. पोत्याएवढा जड आहे तो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. अंगुरीबाईनं पाह्यलं, माणूस होता, गुडघे तसेच होते. तिनं खाकऱ्याचे रिकामे डबे उचलले अन् आत गेली.

मंग आश्विनात एका संध्याकाळी नेमीचंदचा फोन आला. "उद्या सकाळी ये. घरून आंघोळ करून ये, इथं विहिरीवर पुन्हा कर. तंबाखू खाऊ नको. कांदा खाऊन येऊ नको."

"काहून? लग्न लावतो काय माझं?"

"ये तर."

गेलो. सकाळी विहिरीवर अंगुरीबाईनं मले ओल्या धोतरानं उभं केलं, पोट्ट्यासारखं. तंबाखूची अशी तलफ का जीव कासावीस. स्वयंपाकघराच्या बाहेर, चौकटीच्या अलीकडं माझी जागा. आत चुलीवर सगळं तयार. दारात नेमीचंद, अंगुरीबाई अन् त्याचा पोरगा संयम हात जोडून उभे. आषाढानंतर नेमीचंद पहिल्यांदा दारात उभा होता. महाराज आले. शेजारच्या दारापाशी त्याईचं पाऊल जरा मंद झालं, मले वाटलं गेलं आता. पण ते पुढं आले अन् नेमीचंदसमोर थांबले.

फेरे झाले. पाय धुणं झालं. नेमीचंद खाली गेला, कपाळ फरशीले टेकवलं.

अन् उठलाच नाही.

मले वाटलं गुडघा अडकला, म्या पाय पुढं टाकला, तर अंगुरीबाईनं डोळ्यानं दाबलं. त्याईनं घरात ठरवूनच ठेवलं होतं, हा उठणारच नाही, पाणी अन् घास ते दोघं देतीन. संयमनं लोटा उचलला, ओंजळीत पाणी सोडलं. अंगुरीबाईनं घास देल्ला. महाराज जेवत राह्यले, अन् हा त्याईच्या पायाजवळ तसाच, कपाळ टेकवून, गच्च. ना हालला, ना कण्हला, ना एकदा डोकं वर करून पाह्यलं. त्या गुडघ्याईत काय होत असन ते मले माहीत होतं. मी तिकडं ओल्या धोतरात थरथर कापून राह्यलो होतो अन् एकेक घास मोजल्यावानी पाहून राह्यलो होतो. शेवटी महाराजाईनं पाणी घेतलं, हात खाली केले, नेमीचंदच्या डोक्यावरून आशीर्वादाचा हात फिरवला अन् गेले. संयम अन् अंगुरीबाई त्याईच्या मागं दारालोक गेले.

"जगदेव," फरशीवरून आवाज आला.

मी आत गेलो.

"महाराजाईनं पाणी घेतलं?"

"घेतलं."

"पुरं?"

"पुरं घेतलं बे, पोटभर घेतलं, तुह्याच डोक्यावर तर उभे होते! पाह्यलं नाही काय?"

"डोकं वर केलं असतं तर तोल गेला असता," तो म्हणे. म्या काखेत हात घालून त्याले उचलला. जिथं त्याचं कपाळ होतं तिथली फरशी ओली होती, अन् त्याची दाढी ओली होती. म्या उगाच कमरेले तंबाखूची पुडी चाचपली. नव्हतीच.

त्याले भिंतीले टेकवून बसवलं. म्हटलं आता दोन गोड शब्द बोलन. तर तो डोळे पुसत कोपऱ्याकडं बोट दाखवते. तिथं तोच झाकणाचा लोटा.

"सकाळच्या पाण्याची जिवाणी राह्यली," म्हणे. "जातो काय विहिरीवर?"

हट् तुह्या! म्या लोटा उचलला, दोरी घेतली अन् बाहेर आलो. विहिरीवर वाकलो अन् लोटा खाली सोडू लागलो.

"हळूच!" आतून आवाज आला.

"हळूच बे!" मी ओरडलो, अन् लोटा पार पाण्यालोक नेला.